रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणारी छोटी संस्था: निधी कसा उभा करावा

सोलापूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची संध्याकाळची अभ्यासिका आहे. एक भाड्याची खोली, मागे नळ आणि मोरी, पुढे पत्र्याची शेड. २४ मुलं येतात. काही फलाटावर बाटल्या वेचणारी, काही पालावरची, काही आई-वडील गेल्यावर आजीकडे नाहीतर मामाकडे राहणारी. मी या संस्थेची खजिनदार. त्याआधी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे पैशाचे कागद मला येतात असा माझा समज होता. पण संस्थेसाठी पैसे मागणं, घेणं आणि त्यांचा हिशेब देणं हे वेगळंच काम निघालं. ते शिकायला आम्हाला तीन वर्षं लागली. तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर तुमची तीन वर्षं वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. पैसे मागण्याआधी काम नेमकं ठरवा

देणगीदार पहिला प्रश्न विचारतो, "तुम्ही करता काय?" "अनाथ मुलांसाठी काम करतो" हे त्याचं उत्तर नव्हे. मुलं तुमच्याकडे राहणार आहेत की संध्याकाळी येऊन घरी जाणार आहेत, हे आधी पक्कं करा. कारण त्यावर कायदा बदलतो आणि खर्चही.

मुलांना रात्री ठेवून घ्यायचं असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली संस्थेची बालगृह म्हणून नोंदणी लागते. कितीही चांगल्या मनाने केलं तरी नोंदणीशिवाय मुलं ठेवणं गुन्हा आहे. फलाटावर एखादं एकटं मूल सापडलं तर त्याला घरी नेऊ नका, संस्थेतही ठेवून घेऊ नका. १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा. २४ तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा बाल कल्याण समिती यांपैकी एकाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. "एखादं बाळ आम्हाला मिळेल का?" असं विचारणारे देणगीदारही येतील. त्यांना शांतपणे सांगायचं की दत्तकविधान फक्त केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या मार्गाने होतं. त्यांची देणगी त्या दिवशी घेऊ नका.

आम्ही रात्री मुलं ठेवत नाही. पाच ते आठ अभ्यास, आंघोळ, जेवण. एवढंच करायचं ठरवलं म्हणून ते झेपलं.

अजून एक काम याच टप्प्यावर करा. तुमच्या मुलांपैकी कोणाला सरकारी योजना लागू होतात ते बघा. आई-वडील नसलेलं मूल नातेवाइकांकडे राहत असेल तर राज्याची बालसंगोपन योजना आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा बाल संरक्षण कक्षात जातो आणि प्रकरण बाल कल्याण समितीपुढे येतं. मृत्यूचे दाखले, आधार, शाळेचा बोनाफाइड जमवायला महिने जातात. पण सरकारकडून मुलाच्या हक्काचे पैसे येत असताना त्याच्या नावाने लोकांकडे हात पसरणं बरोबर नाही.

२. कागदपत्रांची फाइल

खालचे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येकाची स्कॅन केलेली प्रत फोनमध्येही असू द्या.

- धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था काढली तरी तिची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते. त्यामुळे दोन क्रमांक असतात.
- घटना किंवा न्यासपत्र, आणि परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, ताजा उतारा.
- संस्थेच्या नावाचं पॅन.
- संस्थेच्या नावाचं बँक खातं, किमान दोघांच्या सहीने चालणारं.
- आयकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी.
- स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक.
- गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, नवीन संस्था असेल तर जेवढे असतील तेवढे.
- छापील, क्रमांक घातलेलं पावतीपुस्तक.

नव्या संस्थेला आयकर खातं आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी देतं. ती हातात आली की लोक पेढे वाटतात आणि विसरून जातात. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा ही मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज करावा लागतो. ही तारीख चुकली तर ८०जी जातं आणि ज्यांना करसवलत सांगून पैसे घेतले त्यांच्यापुढे तोंड दाखवायची सोय राहत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले आहेत. मी इथे सगळ्यांच्या तोंडी असलेली जुनी नावंच वापरते आहे. अर्ज भरताना नवे क्रमांक तुमच्या सीएकडून घ्या.

दोन सापळे इथेच सांगते.

पहिला: नोंदणी व्हायच्या आधीच पैसे गोळा करणं. नोंदणी नसताना वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी १९५० च्या विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली काढतात तीच ही. "नोंदणी होतेच आहे, तोवर माझ्या खात्यात घेऊ" हे तर अजिबात करू नका. एकदा संस्थेचे पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात गेले की तो माणूस कितीही प्रामाणिक असला तरी संशय कायमचा चिकटतो.

दुसरा: विश्वस्त बदलले पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला नाही. ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. आमचे एक विश्वस्त वारले, नवीन आले, ठराव झाला आणि कागद तसाच राहिला. पुढे एका कंपनीने निधी द्यायचं मान्य केलं, कागद मागवले, परिशिष्टावर वारलेल्या माणसाचं नाव बघितलं आणि प्रकरण थांबलं. ते वर्ष गेलं.

३. महिन्याचा खर्च एका कागदावर आणा

हा कागद तुमच्या सगळ्या निधी-संकलनाचा पाया आहे. उदाहरणादाखल २४ मुलांच्या अभ्यासिकेचा महिना असा:

जेवण, एका मुलाला दिवसाला ३० रुपये, २६ दिवस: १८,७२०
खोलीचं भाडं: ६,०००
दोन ताईंचं मानधन, प्रत्येकी ७,०००: १४,०००
साबण, तेल, कंगवे, मुलामागे ६०: १,४४०
औषधं आणि रिक्षा: ३,०००
फोन, छपाई, हिशेबाचं काम: १,५००
एकूण: ४४,६६०

म्हणजे एका मुलामागे महिन्याला साधारण १,८६१ रुपये. आता "मदत करा हो" म्हणण्याऐवजी तुम्ही म्हणू शकता, "काका, एका मुलाच्या महिन्याभराच्या जेवणाला ७८० रुपये लागतात. तेवढं तुम्ही उचलाल का?" ऐकणाऱ्याला ७८० हा आकडा समजतो. त्याला तो स्वतःच्या घरखर्चाशी ताडून बघता येतो.

मानधन आणि भाडं लपवू नका. "आमच्याकडे सगळा पैसा मुलांवरच जातो" असं सांगण्याचा मोह होतो, कारण लोकांना ते ऐकायला आवडतं. पण ताई रोज आली नाही तर मुलं येत नाहीत. मुलं तिच्यासाठी येतात. तिला मानधन देणं म्हणजे मुलांवरच खर्च करणं आहे आणि हे देणगीदाराला स्पष्ट सांगायला हवं. ज्याला हे पटत नाही तो दप्तरं देईल, त्यालाही नमस्कार करा.

वर्षाचे वेगळे खर्च वेगळ्या कागदावर लिहा. जूनमध्ये दप्तर, वह्या, बूट धरून मुलामागे १,४०० रुपये, म्हणजे २४ मुलांचे ३३,६००. ही रक्कम मे संपायच्या आत हातात असली पाहिजे. शाळा उघडल्यावर गोळा करायला निघालात तर पहिला महिना मूल पिशवी घेऊन शाळेत जातं, आणि अशी मुलं पहिल्या महिन्यातच गळतात.

४. आधी जवळच्यांकडे जा

नवीन संस्था सगळ्यात आधी मोठ्या कंपन्यांच्या मागे लागतात. आम्हीही लागलो होतो. अकरा पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही, आणि तोवर खोलीचं भाडं आम्ही विश्वस्त खिशातून भरत होतो.

आपल्याकडे मुष्टिफंड ही जुनी रीत आहे. घरातली बाई स्वयंपाकाआधी मूठभर धान्य डब्यात बाजूला काढायची आणि संस्थेचा माणूस येऊन ते न्यायचा. कित्येक वसतिगृहं त्या मुठीवर चालली. मूठ छोटी असते, पण ती रोज निघते. आजच्या हिशेबात १५० माणसं दरमहा ३०० रुपये देणारी मिळाली तर ४५,००० होतात आणि वरचा सगळा महिना निघतो. ही १५० माणसं तुमच्यापासून दोन किलोमीटरच्या आतच असतात: शाळेतले सोबती, सोसायटी, भिशीचा गट, ज्येष्ठ नागरिक संघ, किराणा दुकानदार, रिक्षा स्टँड, मुलं ज्या शाळेत जातात तिथले शिक्षक. त्यांना तुमचं काम डोळ्यांनी बघता येतं. तेच त्यांच्या विश्वासाचं कारण असतं.

नवी पेठेतल्या एका कापड दुकानदाराकडे मी पहिल्यांदा गेले तो दिवस सांगते. मी माहितीपत्रक पुढे केलं, त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. "मुलं रोज येतात का? मग हजेरी दाखवा." नशिबाने हजेरीचं पुस्तक पिशवीत होतं. गल्ल्यावरचा चष्मा लावून ते एकेक पान उलटत राहिले. जानेवारीत एका पानावर बोट ठेवून थांबले. "इथे चारच कशी?" मी म्हटलं, सिद्धेश्वराचा गड्डा होता, बाकी सगळी मुलं फुगे विकायला जत्रेत गेली होती, तीन दिवस अभ्यासिका जवळजवळ रिकामी होती. ते माझ्याकडे बघत राहिले, मग नोकराला म्हणाले, "ताईंना पाणी दे." त्या दिवशी त्यांनी १,१०० रुपये दिले आणि तेव्हापासून दर महिन्याला देतात. चारचा आकडा मी खोडून वीस केला असता तर ते माझ्याशी एवढं बोललेच नसते, असं मला आजही वाटतं.

त्या दिवशी मी एक चूकही केली. हजेरीत मुलांची पूर्ण नावं होती आणि ती मी परक्या माणसापुढे उघडली. आता आम्ही दोन वह्या ठेवतो. नावांची वही खोलीच्या कपाटात कुलपात असते. देणगीदाराला दाखवायच्या वहीत फक्त तारीख, मुलांची संख्या आणि त्या दिवशी काय शिजलं एवढंच असतं.

५. बोलायचं कसं

सिंधुताई सपकाळ भाषण संपलं की श्रोत्यांपुढे पदर पसरायच्या. त्या पदरामागे त्यांचं उभं आयुष्य होतं. आपण तसं बोललं पाहिजे असं दडपण नवीन कार्यकर्त्यांवर येतं आणि मग ते मुलांच्या दुःखाचं वर्णन करत सुटतात. तसं करू नका. पाच वाक्यं पुरतात: मी कोण, मुलं किती, आम्ही रोज काय करतो, महिन्याला किती लागतात, त्यातलं तुम्ही काय उचलाल. शेवटचं वाक्य बोलून झालं की गप्प बसा. समोरचा विचार करत असतो. आपण घाईने "नाही जमलं तरी हरकत नाही" म्हणून त्याची सुटका करून टाकतो.

वेळही बघा. दुकानदाराकडे सकाळी बोहनीच्या आधी जाऊ नका. नोकरदाराकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा. ज्यांना करसवलत घ्यायची आहे ते मार्चमध्ये देतात. पितृपक्ष, वर्षश्राद्ध, अधिक महिना, अक्षय्य तृतीया, मुलांचे वाढदिवस या वेळी घरोघरी देण्याचा विचार असतोच, तुम्ही फक्त आठवण द्यायची. आईच्या पुण्यतिथीला दरवर्षी एका दिवसाचं जेवण देणारी आमची अकरा कुटुंबं आहेत. त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेल्या आहेत आणि आम्ही आठ दिवस आधी फोन करतो.

६. पैसे घ्यायचे कसे

यूपीआयचा क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव दिसलं पाहिजे, सचिवाचं नव्हे.

यूपीआयमध्ये एक सापळा आहे. पैसे येतात, पण कोणाचे ते कळत नाही. बँकेच्या उताऱ्यावर अर्धवट नाव आणि एक क्रमांक एवढंच असतं. नाव-पत्ता नसलेली देणगी आयकराच्या भाषेत निनावी ठरते. अशा निनावी देणग्या वर्षात एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. त्यामुळे क्यूआरच्या शेजारी ठळक लिहा: "पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता आणि पॅन या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅप करा, पावती लगेच मिळेल." जे पाठवत नाहीत त्यांना त्याच आठवड्यात शोधा. सहा महिन्यांनी कोणी सापडत नाही.

रोख घ्यायला हरकत नाही, पण २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही. हे घेतानाच सांगा. वस्तूरूपाने दिलेल्या देणगीवरही ती मिळत नाही. आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्याला ८०जीचा उपयोगच नाही. "पूर्ण टॅक्स वाचतो" असं कधीही म्हणू नका. जुन्या प्रणालीत आपल्यासारख्या संस्थेला दिलेल्या रकमेच्या ५० टक्क्यांवर सवलत मिळते आणि त्यालाही उत्पन्नानुसार मर्यादा आहे.

पावती तिथल्या तिथे फाडा. ११ रुपयांचीसुद्धा. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. तिच्यावर ‘रद्द’ लिहून तिन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या. आलेली रोकड खर्चाला वापरायची नाही, दुसऱ्या दिवशी पूर्ण बँकेत भरायची आणि खर्चासाठी वेगळे पैसे काढायचे. हे कटकटीचं वाटतं, पण वर्षअखेरीला पावतीपुस्तकाची बेरीज आणि बँकेचा भरणा जुळतो तेव्हा ऑडिटला दोन तास लागतात. नाही जुळला तर दोन महिने.

दुकानांत दानपेट्या ठेवायच्या असतील तर प्रत्येकीवर क्रमांक, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि सील. उघडताना दुकानदार आणि आपला एक माणूस दोघं हजर हवेत. तिथेच मोजून दोघांच्या सह्या. स्टेशनच्या आवारात रेल्वेच्या परवानगीशिवाय पेटी फिरवू नका. आणि मुलांच्या हातात पेटी तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. मुलाला भीक मागायला लावणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. संस्थेचा टी-शर्ट घालून मागितली तरी मुलाला ती भीकच वाटते.

७. मुलांचे फोटो

हे मी सगळ्यात गंभीरपणे लिहिते आहे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आवाहनासाठी आम्ही एक फ्लेक्स लावला. त्यावर आमच्याकडच्या नऊ वर्षांच्या एका मुलीचा फोटो होता, विस्कटलेले केस, मोठे डोळे. तिच्या आजीने हो म्हटलं होतं, फोटोही सुंदर आला होता. त्या दिवाळीत आजवरचे सगळ्यात जास्त पैसे आले. आठवड्याभरात ती मुलगी यायची थांबली. ताई घरी गेली तेव्हा कळलं, फ्लेक्स तिच्या शाळेच्या वाटेवर होता आणि वर्गातली मुलं तिला "फ्लेक्सवाली" म्हणून हाक मारत होती. ती शाळेतही जात नव्हती. फ्लेक्स आम्ही त्याच संध्याकाळी उतरवला. तिला परत यायला अडीच महिने लागले आणि त्यानंतर कोणी फोन हातात घेतला तरी ती उठून मोरीकडे जायची.

बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा नसता तरी उत्तर तेच आहे. मूल पोटाला मिळावं म्हणून आपल्याकडे येतं. जाहिरातीला चेहरा द्यायला येत नाही. नाव, चेहरा, शाळा, वस्ती, आई-वडिलांची कहाणी, काहीही बाहेर जाऊ देऊ नका. पाठमोरी रांग, वहीवरचा हात, रांगेत ठेवलेल्या चपला, शिजलेला भात यांचे फोटो काढा. आमच्या गेल्या वर्षीच्या पत्रकावर २४ पाट्यांचा फोटो होता आणि देणग्या काही कमी झाल्या नाहीत.

८. वाढदिवसाचे केक आणि जुने कपडे

स्वातंत्र्यदिनी आमच्याकडे तीन ठिकाणांहून जिलेबी येते. जुलैमध्ये कोणी येत नाही. जुने कपडे तर पोत्यांनी येतात, त्यातले निम्मे फाटके. घेतले की ते निवडायला, ठेवायला आणि शेवटी फेकायला ताईंचा वेळ जातो. म्हणून ‘आम्हाला काय लागतं’ अशी यादी करा आणि दर महिन्याला बदला: तूरडाळ १२ किलो, २०० पानी वह्या ६०, मुलींच्या चपला पाच नंबरच्या चार जोड. किराणा दुकानदाराशी ठरवून ठेवा. देणगीदाराने तिथे पैसे भरायचे, बिल संस्थेच्या नावाने, माल आपल्याकडे.

वाढदिवस साजरा करायला येणाऱ्यांना नियम आधी सांगा. केक आणा, चालेल. मुलांना ओळीत उभं करून प्रत्येकाच्या हातात बिस्किटपुडा देतानाचा फोटो काढायचा नाही. भरवायचं नाही, ती भरवून घेण्याच्या वयाची नाहीत. बाहेरचा कोणीही मुलासोबत एकटा राहणार नाही, मग तो कितीही मोठा देणगीदार असो. हा नियम भिंतीवर लावा, म्हणजे सांगताना संकोच होत नाही. नियम ऐकून रागावून गेलेले दोघे-तिघे आहेत. राहिलेले पुन्हा पुन्हा येतात, आणि येऊन मुलांबरोबर जमिनीवर बसून जेवतात.

९. विक्री आणि स्टॉल

आमच्या गावची शेंगा चटणी आणि कडक भाकरी कुठेही विकली जाते. दिवाळीआधी आम्ही बचत गटातल्या बायकांकडून चटणी घेतो आणि संस्थेच्या नावाने स्टॉल लावतो. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती गटाकडे आहे का ते बघा. नफा कमी, दगदग जास्त. पण स्टॉलवर नवी माणसं भेटतात, त्यांचे नंबर मिळतात, आणि त्यातले काही दरमहा देणारे होतात. त्यासाठी करायचं असेल तर करा, फक्त पैशासाठी नको.

१०. कंपन्या आणि परदेशातले नातेवाईक

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ते घ्यायला तुमच्याकडे सीएसआर-१ ची, म्हणजे कंपन्यांचा हा सामाजिक निधी घेणाऱ्या संस्थांची, नोंदणी हवी आणि त्यासाठी १२ए आणि ८०जी हवं. बहुतेक कंपन्या तीन वर्षांचं काम बघतात. पहिली तीन वर्षं घाई करू नका, हिशेब स्वच्छ ठेवा. एमआयडीसीतला एखादा छोटा कारखाना या कायद्यात बसत नसला तरी त्याच्या मालकाला सहज भेटता येतं.

परदेशाबाबत फार सांभाळा. सोलापूरची किती तरी मुलं अमेरिकेत आहेत, महाराष्ट्र मंडळांत आहेत, त्यांना गावासाठी काहीतरी करायचं असतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे तो, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड असलं तरी, कायद्याने परकीय स्रोत आहे. त्याच्याकडून एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, त्याच्या इथल्या खात्यातूनही नाही. "भावाच्या खात्यात टाकतो, तो तुम्हाला देईल" हाही तोच गुन्हा. एफसीआरए नोंदणीसाठी साधारणपणे संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात, त्या तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च झालेला असावा लागतो, आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतात. तोवर अशा मित्रांना सांगा: सुट्टीत आलात की मुलांना इंग्रजी शिकवा. आमच्याकडे एक जण दर डिसेंबरात येऊन शिकवतो.

११. हिशेब देणं

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. ८०जी देणगीदारांची यादी, ज्याला आपण १०बीडी म्हणत आलो, ती ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरायची असते. त्यातून प्रत्येकाचं प्रमाणपत्र निघतं. ते मिळाल्याशिवाय देणगीदाराला सवलत घेता येत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. एका पॅनचा एक आकडा चुकला की तो माणूस जुलैमध्ये फोन करणार. म्हणून एप्रिलचा पहिला पंधरवडा फक्त या यादीसाठी ठेवा.

सरकारला दिलेला हिशेब देणगीदार वाचत नाही. त्याच्यासाठी दर तीन महिन्यांनी एक पानी पत्र: किती आले, किती गेले, कशावर गेले, किती मुलं आली, किती गळाली. गळालेली मुलंही लिहा. एका पत्रात आम्ही लिहिलं होतं, "या तिमाहीत तीन मुलं यायची बंद झाली. दोघांची कुटुंबं ऊसतोडीला गेली, एकाचा पत्ता लागलेला नाही, बाल कल्याण समितीला कळवलं आहे." त्या पत्राला सगळ्यात जास्त उत्तरं आली.

१२. नकारांची वही

ज्यांनी नाही म्हटलं त्यांचीही एक वही ठेवा. नाव, तारीख, काय म्हणाले. "मुलीचं लग्न आहे", "आधीच दुसऱ्या संस्थेला देतो", "विचार करून सांगतो". पुढे कधी परत जायचं ती तारीख त्याच ओळीत लिहा. एका निवृत्त शिक्षकांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. वहीत लिहिलं होतं, "पेन्शन अडकली आहे. सहा महिन्यांनी." सहा महिन्यांनी गेले तेव्हा पेन्शन अजून अडकलेलीच होती. पण ते म्हणाले, "पैसे नाहीत, पण मंगळवार-शुक्रवार मोकळा असतो." आता ते आठवीच्या तिघांना गणित शिकवतात. त्यांच्या ओळीपुढे मी पुढची तारीख लिहिलेली नाही.